मधली पायरी

३ नोव्हेंबर

पोचलो एकदाचे कायांबेला. समुद्रकाठच्या मांताहून बसनं अख्खी रात्र आणि वर अर्धा दिवस. मिल्का सहा वर्षांची, वाटभर उलट्या करून अर्धी झाली, पण उतरल्या उतरल्या समोरचा बर्फाचा डोंगर बघून विचारते, आई, त्याच्यावर साखर कुणी सांडली. म्हटलं, आपल्यासाठीच सांडलीय, आता वेचायची.

ही वही बापानं दिली. तो समुद्रावर गेला की प्रत्येक खेप वहीत लिहायचा, जाळं कुठं टाकलं, काय लागलं. निघताना म्हणाला, परक्या गावात माणूस स्वतःला विसरतं, लिहीत जा. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत अख्खं नाव घातलंय, यादिरा मोन्सेराते पाचाय. त्यातलं मोन्सेराते आजीनं नवसाचं म्हणून ठेवलेलं. बाकी नवरा उत्तरेला गेला आणि त्याचा फोन बंद झाला, त्याच्यासाठी या वहीत एवढी एक ओळ पुरे.

खोली मेचेबाईंच्या अंगणात आहे. बाई साठीच्या, कमरेपर्यंत दोन वेण्या, अंगावर लोकरी शाल, बोलणं मोजकं. दारापुढं तीन दगडी पायऱ्या, त्यातली मधली डुगडुगते. बाई तिच्यावर पाय देत नाहीत, वरच्या पायरीवरून एकदम खालच्या पायरीवर उतरतात, या वयात. कालच मृतांचा दिवस झाला. त्यातलं उरलेलं जांभळं पेय त्यांनी आम्हाला गरम करून दिलं आणि मिल्काला पावाचं बाळ दिलं, साखरेचे डोळे लावलेलं. तसंच एक बाळ मधल्या पायरीवर ठेवलं होतं. त्याला हात लावायचा नाही म्हणाल्या. मी कशाला लावतेय.

थंडी मात्र अशी आहे की दात वाजतात. सोमवारी कामावर जायचंय. मी खूश आहे.

११ नोव्हेंबर

गुलाबाच्या कंपनीत लागले. पॉलीहाऊसं इतकी की शेवट दिसत नाही. मला तारेवर घेतलंय. डोक्यावरून पोलादी तार जाते, तिला चाकांवर लोखंडी दांडे लटकतात आणि दांड्यांना जाळीत गुंडाळलेले गुलाब. दहा दहा दांडे एकामागे एक जोडतात, पुढचा दोर कमरेला बांधायचा आणि ओढत कोल्डरूमपर्यंत न्यायचं. म्हणजे बैल मीच आणि गाडीही मीच. पण हात बरे चालतात माझे.

शेजारी ब्लांका काम करते. ती मेचेबाईंची भाची, तिनंच मला खोली मिळवून दिली. तोंडाळ आहे पण मनानं चांगली. किनाऱ्याकडच्यांना इथं माकडं म्हणतात. मला म्हणाली, माकडे, हळू बोल, फुलं कोमेजतील. मी म्हटलं, तुमची फुलं मुक्यानं वाढलीत, त्यांना जरा करमणूक होऊ दे. ती हसली.

कामाच्या हॉलच्या दारात एक फळा आहे, अपघाताविना किती दिवस गेले त्याचा. रोज सकाळी आमच्यावरचे साहेब, एस्पिनेल इंजिनिअर, स्वतः आकडा बदलतात. तीनशे पासष्ट झाले की प्रत्येकाला गॅसची शेगडी मिळणार. फेब्रुवारीच्या पंधराला. मी नवी असले तरी मलाही. आमच्या खोलीत शेगडी नाही, मी रोज आकडा बघते.

८ डिसेंबर

मेचेबाईंच्या चुलीवर एका मुलीचा फोटो आहे. विशीतली, दोन वेण्या, हसताना ओठ मिटलेले. ब्लांकानं सांगितलं, बाईंची एकुलती एक, लुझमिला. अकरा वर्षांपूर्वी दुधाची किटली घेऊन उतरताना त्या मधल्या पायरीवरून पडली, डोक्याला लागलं, तिसऱ्या दिवशी गेली. बाई त्याविषयी बोलत नाहीत, तूही काढू नकोस म्हणाली.

दर शुक्रवारी त्या पायरीवर एक मोडका गुलाब असतो. आता कळलं. आज मीही कामावरून एक आणला आणि ठेवला. बाईंनी बघितलं. मग मिल्काला मांडीवर घेऊन बराच वेळ मक्याचे दाणे सोलून भरवत बसल्या.

१० जानेवारी

सीझन सुरू झाला. फेब्रुवारीत जगभरच्या प्रेमिकांना गुलाब लागतात म्हणे, आम्हाला इथं पाठ सरळ करायला फुरसत नाही. मिल्का बाईंकडे राहते. त्यांना आजी म्हणायला लागलीय. फळ्यावर तीनशे एकोणतीस.

२३ जानेवारी

काल मला लागलं. बापानं शिकवल्यासारखं लिहिते, कुठं आणि कसं.

दुपार होती. चौदा नंबरच्या पॉलीहाऊसकडून येणारी तार कोल्डरूमच्या दाराशी वळते. तिथं मागच्या एका दांड्याचं चाक तारेवरून सुटलं आणि दांडा डोक्यात मागून बसला. शुद्धीवर आले तेव्हा ओल्या फरशीवर गुलाबांत पडले होते. सगळ्या भोवती उभ्या. इंजिनिअर माझ्याकडे बघतच नव्हते, ते हॉलच्या दाराकडे बघत होते, फळ्याकडे. तीनशे एक्केचाळीस.

मग कागद आला. कुणी ओरडलं नाही, सगळ्या हळूच बोलत होत्या. चोवीस दिवस राहिलेत ग. अमकीच्या सासूला शेगडी हवीय, तमकीनं जुनी विकून टाकलीय. ब्लांकाच म्हणाली, मेचेआत्याची ती पायरी डुगडुगतेच की, कुणालाही पटेल. तिनंच माझ्या हातात पेन धरून दिलं. मी सकाळी घरच्या पायरीवरून पडले आणि तशीच कामावर आले, असं त्यात होतं. मी सही केली. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करतं. आणि खरं सांगते, शेगडी मलाही हवी होती.

अक्षरं हलतायत. पुरे.

२४ जानेवारी

दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणाली, मेंदूला हादरा बसलाय. पंधरा दिवस अंधाऱ्या खोलीत पडून राहायचं, उजेड नको, आवाज नको, वजन उचलायचं नाही. कुठं पडलीस विचारलं. पायरीवरून, म्हटलं. ते इतकं सहज निघालं की क्षणभर मलाच खरं वाटलं.

२५ जानेवारी

रजेचा कागद घेऊन इंजिनिअरकडे गेले. त्यांनी वाचलासुद्धा नाही. म्हणाले, घरी पडलीस ना, मग घरच्यांकडून रजा माग. सीझनमध्ये सगळ्यांचीच डोकी दुखतात. तारेवरून काढून ग्रेडिंगला, फुलं लांबीप्रमाणे निवडायला बसवलं, वर हा उपकार. तिथं डोक्यावर ट्यूबलाइटच्या रांगा. दोनदा पानांच्या बादलीत ओकले. कुणी बघितलं नाही, म्हणजे सगळ्यांनी बघितलं. मी कुणाचं काय घोडं मारलं होतं?

२६ जानेवारी, शुक्रवार

मी पायरीवरून पडले हे मेचेबाईंना ब्लांकानं सांगितलं. बाई पांढऱ्या पडल्या. म्हणाल्या, दचकून पडलं की जीव तिथंच बसून राहतो, शरीर नुसतं घरी येतं, त्याला बोलवावं लागतं. एकीला नाही बोलवलं, तुला बोलवणार.

आमच्याकडेही बोलावतात. चुलता होडीवर घाबरला तेव्हा बापानं त्याचा शर्ट घेऊन होडी थेट त्याच पाण्यावर नेली होती. जागा तीच लागते. जागा चुकली तर हाक वाया जाते, बाप म्हणायचा.

म्हणजे मला माहीत होतं. तरी गप्प बसले. खरं सांगावं तर ते ब्लांकाकडे जाणार, ब्लांकाकडून हॉलमध्ये, मग फळ्यावर शून्य आणि मी रस्त्यावर. वाया गेली हाक तर जाऊ दे, बाईंचं मन तरी राहील, असा विचार केला.

त्यांनी माझा वापरलेला रुमाल मागितला आणि कागदावर नाव मागितलं, त्यांना लिहिता येत नाही. डोकं इतकं ठणकत होतं की नवं काही लिहवेना. वहीचं पहिलं पान फाडून दिलं. त्यांनी ते रोझमेरीच्या काड्यांबरोबर जाळलं, रुमाल धुरावर धरला आणि मधल्या पायरीवर तीनदा आपटला. यादिरा, ये पोरी, तिथं बसू नकोस, घरी चल. तिसऱ्या हाकेला बाईंच्या तोंडून नाव नीट फुटलंच नाही, नुसतं ये पोरी, ये पोरी. मग रुमाल माझ्या छातीवर ठेवला.

पाठीतून काहीतरी उबदार वर चढलं. इतकी गाढ झोप या गावात पहिल्यांदा लागली.

२८ जानेवारी

डोकं हलकं. उजेड खुपत नाही. हाक वाया गेली नाही म्हणायची, बापालाही सगळंच कळतं असं नाही.

सकाळी बटाट्याचं सूप केलं, चीज घालून, इकडच्यासारखं. मिल्का विचारते, आई, हे कधी शिकलीस. मला आठवेना. थंडी वाजायची बंद झालीय.

३१ जानेवारी

अंगणात कपडे वाळत घालताना गुणगुणत होते. मेचेबाईंच्या हातातलं भांडं पडलं. हे गाणं कुठून आलं विचारलं. मी म्हटलं, कुठलं गाणं. शब्द डोंगरातल्या भाषेतले होते म्हणे. मला ती येत नाही, नमस्कारसुद्धा येत नाही.

बाई जवळ आल्या, माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि बघत राहिल्या. मला आवडलं ते, लिहायला लाज वाटते. माझ्या आईनं असं कधी धरलं नव्हतं.

२ फेब्रुवारी

दुपार कुठं गेली कळत नाही. हॉलमधून सुटले हे आठवतं, मग एकदम चुलीपाशी होते. मिल्काच्या दोन वेण्या घातलेल्या, लाल लोकर गुंफून, घट्ट आणि सरळ. मला तशा येत नाहीत. विचारलं तर म्हणाली, तूच तर घातल्यास. गाणं म्हणत घातल्यास. अजिबात ओढलं नाहीस.

मी घालते तेव्हा ओढतं तिला.

५ फेब्रुवारी

कामावरून काढलं. गुलाबाचे देठ कसे मोजतात तेच विसरले, लांब आणि आखूड एकाच जुडीत बांधले. इंजिनिअर म्हणाले, सीझनपुरतं कंत्राट होतं, तुझा सीझन संपला. सीझन चालूच आहे, बाहेर ट्रक उभे होते. मी म्हटलं, साहेब, मी इथं पडले. तुमच्यासमोर. त्यांनी माझ्या सहीचा कागद काढून दाखवला, शांतपणे, पाढा न येणाऱ्या मुलाला दाखवावा तसा.

ब्लांका फाटकापर्यंत आली. रडत होती. म्हणाली, तुला सांगू नये, पण चौदाच्या वळणावर दांडे आपोआप येतात. दुपारी, कुणी नसताना. काल तिनं माझ्या निळ्या स्वेटरमधली पाठ बघितली, कमरेला दोर बांधलेली. यादिरा म्हणून हाक मारली आणि मग तिच्या लक्षात आलं, मी ग्रेडिंगच्या टेबलाशी बसलेय.

मी अजून तिथंच आहे. ओढतेय.

७ फेब्रुवारी

मेचेबाईंना सगळं खरं सांगितलं. कागद, फळा, वळण. मला वाटलं चिडतील.

बाई म्हणाल्या, ठाऊक आहे. गाणं ऐकलं त्याच दिवशी कळलं.

मग पहिल्यांदा बोलल्या. अकरा वर्षांपूर्वी बाई याच कंपनीत होत्या. तेव्हाही सीझन होता. पोरगी पडल्याचा निरोप आला, त्यांनी सुट्टी मागितली, मिळाली नाही. दोन दिवस ग्रेडिंग करत राहिल्या. तिसऱ्या दिवशी घरी आल्या तर बोलवायला कुणी उरलं नव्हतं. तेव्हापासून ती तिथंच बसून होती, आईच्या हाकेची वाट बघत. तुझ्या नावानं बोलावलं तरी आली, म्हणाल्या, माझा आवाज ओळखून आली.

मी पाया पडले. म्हटलं, आता मला बोलवा, कंपनीच्या कुंपणाशी चला, एकदाच. बाई बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या. माझ्याकडे नाही. मग विचारलं, सुपाला मीठ बरोबर आहे का.

त्यांचा राग येत नाही. मीही हेच केलं असतं.

१० फेब्रुवारी

एक गोष्ट कळली. लुझमिला शाळेत गेली नव्हती. तिला लिहिता येत नाही. म्हणून वही अजून माझी आहे. हातात पेन धरलं की मी असते. ठेवलं की —

दिवसातून थोडाच वेळ मिळतो.

१२ फेब्रुवारी

मिल्कानं विचारलं, गाणारी आई कधी येणार. मी म्हटलं, आणि ही कोण. म्हणाली, तू डोकं दुखणारी.

तिची चूक नाही. दुसरी ओरडत नाही. दुसरीला मळमळत नाही. पण ही पोर मी पोटात वाढवली, बसमध्ये तिची ओकारी ओंजळीत धरली. ती दुसरी कुठं होती तेव्हा —

१३ फेब्रुवारी

फाटकावर गेले. आत सोडत नाहीत. पहारेकऱ्याला म्हटलं, माझी एक वस्तू राहिलीय आत. काय राहिलं विचारतो. काय सांगणार —

१५ फेब्रुवारी

आज तीनशे पासष्ट. बँड होता, डुक्कर भाजलं होतं. सगळे मैदानात.

मिल्काला घेऊन मागच्या कुंपणाशी गेले. वाटेत पढवलं, रुमाल हलवायचा आणि नावानं हाक मारायची. तिनं चार वेळा बरोबर म्हणून दाखवलं.

वळण तिथून दिसतं. ती होती. निळा स्वेटर, कमरेला दोर. मान खाली. डोक्यामागं केस चिकटलेले. ओढत होती, मागं दहा रिकामे दांडे. आपण किती थकलोय हे मला तिच्याकडे बघून कळलं.

मिल्का घाबरली. रुमाल पडला. ओरडली — आई —

आणि माझ्याच तोंडातून ओ गेली. गोड आवाजात. त्यांच्या भाषेत. माझे हात खाली वाकले आणि पोरीला उचललं.

तारेवरची वळून बघत नव्हती. आई ही हाक ती आता ओळखत नाही, की ऐकून ऐकून — माहीत नाही. ओढत गेली.

१६ फेब्रुवारी

सकाळी मधल्या पायरीवर नवी शेगडी होती, खोक्यात. ब्लांकानं स्वतःची ठेवलीय. निरोप नाही.

मी त्या पायरीवर बसले. थंड लागली नाही. ओळखीची लागली.

शब्द जातायत. जाळ्याला काय म्हणतो — बाप टाकायचा ते — आत्ता होता शब्द —

१७

मिल्का, हे तुझ्यासाठी. मोठी झालीस की वाच. लवकर मोठी हो.

पायरीवर नाही. कुंपणाच्या आत, तार वळते तिथं. फाटक उघडं असेल तेव्हा जा. रुमाल माझ्या उशीखाली आहे.

ती गाणारी वाईट नाही. तिच्यावर रागावू नकोस. वेण्या घालून घे. पण मला तिथं सोडू नकोस. मला बसायला पण देत नाहीत ग तिथं.

आई म्हणू नकोस. आई म्हटलंस तर हीच ओ देईल. नावानं हाक मार. अख्ख्या नावानं, तीनदा. आजीनं नवसाचं ठेवलेलं त्यात आहे. नीट लिहून ठेवते, म्हणजे चुकणार नाहीस. माझं नाव